पाडवा बारा दिवसांवर आणि गॅलरीत नऊ पिंपं. सुरुवात कुठून करू?

पिकोफॉल_औसारोड

नमस्कार मंडळी. मी इथं नुसती वाचणारी, लिहायची वेळ आज आली.

आम्ही लातूरला, औसा रोडच्या बाजूला राहतो. घर स्वतःचं, खाली भाडेकरू, वर आम्ही पाच जणं: मी, हे, दोन लेकरं आणि आप्पा, म्हणजे माझे सासरे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन तीन वर्षं झाली. त्याच साली गावचं घर बंद करून आप्पा आमच्याकडं आले, आणि गावचं निम्मं घर त्यांच्या मागं टेम्पोतनं आलं.

मी घरी ब्लाउज शिवते. पाडवा झाला की लग्नसराई, मग मे संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. यंदा पिकोचं मशीन घेतलंय. ते सध्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या तोंडाशी आहे. फ्रिज उघडायचा तर आधी मशीन ढकलायचं. परवा असंच ढकलताना एका गिऱ्हाइकाच्या पैठणीवर ताक उडालं. पदरावरच. रात्री दोन वाजेपर्यंत मी त्या मोराला टाल्कम पावडर लावत बसले होते.

मशीनला घरातली चांगली जागा एकच, मागची गॅलरी. दुपारभर सावली, उजेड स्वच्छ. आणि तिथंच आहेत आप्पांची नऊ पिंपं. दोनशे-दोनशे लिटरची, निळी.

ही पिंपं २०१६ ची. तो उन्हाळा ज्यांनी लातुरात काढलाय त्यांना सांगायला नको. मांजरा धरण आटलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम, आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आप्पा तेव्हा एस.टी.त कंडक्टर. ड्यूटी संपली की घागरी घेऊन रांगेत. जिथून मिळेल तिथून एकेक करत पिंपं जमवली. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकलाय आणि बुडापासून वीतभर वर लाल रेघ मारलीय. पाणी रेघेला टेकलं की त्यापुढं ते फक्त पिण्याचं, आंघोळ बंद, असा तेव्हाचा कायदा होता.

आता नळ आठ दिवसांनी का होईना येतो, गच्चीवर टाकी आहे, बोअर आहे. तरी पिंपांना हात लावायचा नाही. विषय काढला की आप्पा एवढंच म्हणायलेत, "सोळा साल इसरलीस का?" मग पुढं काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

बरं, नुसती पिंपं असती तर गोष्ट वेगळी. माळ्यावर आत्याच्या पितळी भांड्यांची दोन पोती, साड्यांची तीन बोचकी, कागदांची एक लोखंडी पेटी. आणि आमच्याच खोलीत पलंगाच्या उशाशी ज्वारीची पत्र्याची कोठी, तिच्यात गेल्या सालची ज्वारी अजून चार पायली. नवी यायची वेळ झाली.

यूट्यूबवर आवराआवरीचे व्हिडिओ बघितले. तिथल्या बायका कपाटातनं तीन टी-शर्ट काढतात आणि हलकं हलकं वाटायलंय म्हणतात. माझ्या कामाचं त्यात काही नव्हतं. आप्पांचं मन न दुखवता हे कसं काढू? आणि आधी काय काढू?

सेलूचा_सध्यापुणे

सोपं आहे, ताई. वर्षभर ज्या वस्तूला हात लागला नाही ती घराबाहेर. पिंपं भंगारात, पितळ मोडीत, कागद रद्दीत. एका रविवारी होतं. आम्ही कोथरूडच्या फ्लॅटमध्ये असंच केलं. माणूस भावनेत अडकला की घराचं गोडाऊन होतं.

गंगाखेडची_आक्का

सेलूच्या भावा, पुण्याच्या उशाला चार धरणं आहेत म्हणून असलं सुचायलंय. पाण्याचं पिंप वर्षभर लागलं नाही हे चांगलं झालं म्हणायचं, का ते फेकायचं कारण म्हणायचं?

पोरी, तू माझं ऐक. पाडव्याला घर आवरायचं असतं, धुवायचं नसतं. धुणं दसऱ्याचं. आपल्याकडं घटस्थापनेच्या आत दसरा काढतात, ते उगाच नाही. तेव्हा पावसाळा नुकताच सरलेला असतो, आडाला पाणी हाताला लागेल एवढं वर, ओढा वाहता. माझी सासू वाकळा, लेप, सतरंज्या, देवापासून चुलीपर्यंतची सगळी भांडी बैलगाडीत घालून ओढ्यावर न्यायची. दिवस मावळेपर्यंत अख्खी गल्ली तिथंच. फाल्गुनात आडाचा तळ दिसायला लागतो, तेव्हा कोण धुवंल? पण ऊन मात्र फुकट आणि कडक. म्हणून पाडव्याचं काम उन्हाचं आणि झाडूचं. जे आहे ते बाहेर काढायचं, झटकायचं, तापवायचं, निवडायचं, आत ठेवायचं. आजकालच्या पोरी पाडव्याला पडदे धुवायला काढतात, मग टँकरवाल्याला फोन करतात.

सुरुवात कोठीपासून कर. नवी जवारी दारात आली म्हणजे ती थांबत नाही, बाकी सगळं थांबतं. उरलेली काढून चाळ, उन्हात घाल, आधी तीच दळायला लाव. कोठी आडवी पाडून आतून कोरड्या फडक्यानं पूस. ओलं फडकं नको. पत्र्याच्या सांध्यात सोंडे दडून बसतात, तिथून खराट्याची काडी फिरव. मग दोन दिवस झाकण उघडं ठेवून उन्हात. आणि हे ध्यानात ठेव, तापलेली कोठी तशीच भरायची नाही. रात्रभर गार होऊ द्यायची, दाणेही गार होऊ द्यायचे. गरम गरम भरलं की आत घाम सुटतो आणि मग जवारीला बुरा धरतो. दाणा दाताखाली कट् वाजला तर वाळला म्हणायचा. नुसता दबला तर अजून एक ऊन दे. लिंबाचा पाला घालणार असशील तर सावलीत कुडकुडीत वाळवलेला, हिरवा नाही. आणि कोठी तुमच्या उशाशी आहे म्हणतेस, तर धान्यात टाकायच्या त्या विषारी गोळ्यांना हातसुद्धा लावू नको. त्यातनं वायू सुटतो. झोपेत माणसं गेलीत त्यानं.

भांड्यांचं नंतर लिहिते. नातवाचा डबा भरायचाय.

आरोग्यसेविका_जालना

पिंपांबद्दल दोन शब्द, रोज हेच काम करते म्हणून.

पहिलं, पिंप पूर्वी कशाचं होतं ते बघा. बाजारात मिळणारी निळी पिंपं बहुतेक कारखान्यातनं आलेली असतात. कशाचं होतं ते कळत नसेल, किंवा अजून वास येत असेल, तर त्यातलं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला वापरायचं नाही. सांडायला, झाडांना, संडासाला ठीक. दुसरं, उन्हात असलेलं पिंप हाताने दाबून बघा. प्लास्टिक कडक होऊन वर पांढरी भुकटी सुटत असेल तर ते फुटणारच आहे, आणि ते भरल्यावरच फुटतं.

तिसरं डेंगूचं. डेंगूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, गटारात नाही. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि तुमचा नळ आठ दिवसांनी येतो. म्हणजे नवीन पाणी जुन्यावर ओतत राहिलात की झालं. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून कोरडं ठेवायचं. नुसतं पालथं घालून भागत नाही, अंडी आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीशी चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. नारळाच्या काथ्यानं घासून काढा. झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचं फडकं घट्ट बांधा.

नऊ पिंपं दर आठवड्याला कोण घासतंय, हे आप्पांना प्रेमानं विचारा.

पिकोफॉल_औसारोड

सगळ्यांना धन्यवाद. आक्का, कोठी आज सकाळी रिकामी केली. सांध्यातनं जे निघालं ते लिहीत नाही, कुणी जेवत असेल.

पिंपं कोण घासतंय हे विचारलं. आप्पा म्हणाले, मीच घासतो. मग गप्प बसले. मी पण बसले.

उमरग्याचा_गवंडी

मी बांधकामातला माणूस. मन दुखवायचं-न दुखवायचं तुम्ही बघा, मला वेगळीच भीती वाटायलीय.

गॅलरी पहिल्या मजल्यावर म्हणताय. खाली भिंत किंवा पिलर आहे का, का नुसता स्लॅब बाहेर काढलाय? दोनशे लिटरचं एक पिंप भरलं की दोनशे किलो. नऊ भरली की अठराशे किलो. उभं राहायला एका पिंपाला जागा लागते दोन फूट बाय दोन फूट, तेवढ्यात जाडजूड तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी करा, तसं ते वजन. लोंबत्या गॅलरीवर हे एवढी वर्षं? गॅलरी जिथं घराला जोडते तिथं वरच्या बाजूला फरशीच्या सांध्यात आडवी भेग दिसते का बघा. लोंबत्या स्लॅबची भेग खालून दिसत नाही, वरून पडते. दिसली तर पाडव्याची वाट बघू नका, आजच पाणी सोडा. भेग नसली तरी भरलेली पिंपं खाली जमिनीवर घ्या.

दुसरं, माळ्यावरची पितळाची पोती. माळा पलंगाच्या वर आहे का? ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. रात्री गणपती बुडवून येऊन झोपलो होतो, पहाटे चारच्या सुमाराला हाललं. किल्लारी-सास्तूरला माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या माळवदाखाली दबून. आमचं गाव जरा लांब, आमचं घर उभं राहिलं. पण फळीवरचा पाट्याचा दगड आजीच्या पायावर आला. ती मरेपर्यंत लंगडत होती. तेव्हापासून आमच्या घरात जड वस्तू गुडघ्याच्या वर ठेवत नाहीत. माळ्यावर फक्त कापूस, कापड, मोकळे डबे. बायको म्हणते तुम्ही भितरे आहात. असू द्या.

निवृत्त_तलाठी_अंबड

सेलूकरांनी "कागद रद्दीत" असे सहज लिहिले, म्हणून लिहावे लागत आहे.

ताई, ती लोखंडी पेटी कोणत्याही परिस्थितीत न बघता देऊ नका. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातले कागद उर्दूत किंवा मोडी लिपीत असतात. घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत, म्हणून ते "कसले तरी जुने कागद" ठरतात आणि चुलीत जातात. खासरा पत्रक, जुन्या पाहणीच्या नकला, फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र, शाळेचा निर्गम उतारा, आजोबांच्या मृत्यूची नोंद, हे सगळे एका बाजूला. २०२३ मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा आमच्याकडे माणसे पिशव्या घेऊन यायची. एकाने सांगितले की असाच गठ्ठा त्याने आदल्या दिवाळीत किलोवर घातला होता. त्यात काय होते हे आता कोण सांगणार?

ठेवायचे कसे: लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही आणि कागद आतल्या आत पिवळा पडत जातो. सेलोटेप नको. टाचण्या, पिना काढून टाका, त्या गंजून कागद खातात. घडी उघडून प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढा, मग स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवा. विजेची बिले, लग्नपत्रिका, बंद पडलेल्या पतसंस्थांची कॅलेंडरे खुशाल द्या.

मोडीत पितळ घालावे, मोडीतले कागद घालू नयेत.

गंगाखेडची_आक्का

तलाठीसाहेब, शेवटचं वाक्य झकास.

आता भांडी. पोरी, ती पोती आप्पांच्या मागं उघडू नको. ओसरीत चादर अंथर, आप्पांना खुर्ची दे, एकेक भांडं त्यांच्या हातात दे. आपल्याकडं आहेराच्या भांड्यावर नाव, गाव, साल कोरलेलं असतं. आप्पांना ते वाचू दे. निम्म्या भांड्यांवर "याच्याशी बोलणं नाही" म्हणतील आणि ती आपोआप बाजूला पडतील. माझ्या सासऱ्यानं एका सावत्र मामाचं घंगाळ अकरा वर्षं सांभाळलं, नाव वाचल्यावर म्हणाला, हे आपल्याकडं कसं आलं?

मोडीत घालायचीच असली तर भांड्याला लोखंडी कड्या असतील त्या घरीच काढ. नाहीतर दुकानात त्यांच्या नावानं घट धरतात आणि ती कडीपेक्षा जड असते. आपल्या काट्यावर वजन करून, कागदावर लिहून ने. दोन दुकानं फिर. कल्हईचं पातेलं ठेवायचं असेल तर कल्हई करून घे, नाहीतर आंबट काही त्यात करू नको.

साड्यांत सुती जेवढ्या निघतील तेवढ्या वाकळेला. नायलॉनच्या भांडेवालीला दे. पण तिच्याशी भाव करताना तुला एक चाळणी मिळणार, ही तयारी ठेव. चाळणीच्या वर ती जात नाही.

पिकोफॉल_औसारोड

मंडळी, पाडवा परवावर आला. झालेलं सांगते.

गवंडीदादा, आधी तुमचं. भेग नाही, दोनदा बघितलं, यांनी बॅटरी मारून बघितलं. पण तुमचा अठराशे किलोचा हिशोब मी आप्पांना वाचून दाखवला. ते कंडक्टर माणूस, हिशोबाला मानतात. म्हणाले, "नऊ कुठं भरलीत?" मी म्हणलं, मग किती? म्हणाले, "उघडून बघ."

रविवारी झाकणं उघडली. इतकी वर्षं मी त्यांच्यावर परकर वाळत घालायलेय, आणि आत काय आहे ते एकदाही बघितलं नव्हतं.

पाण्याची फक्त चार. एक, दोन, तीन आणि सहा. चारही आतून चकाचक, कणभरही शेवाळ नाही.

चार नंबरात आप्पांचा खाकी ड्रेस, दोन जोड, बिल्ला, आणि तिकिटाचा पंच. धाकट्यानं तो हातात घेतला आणि कट् कट् सुरू केलं, आतापर्यंत तीन वह्या, एक शाळेची फीची पावती आणि माझं एक कटिंग पॅटर्न भोकं पडून गेलंय. पाच नंबरात आत्याची लुगडी, मधे मधे लिंबाचा वाळका पाला. वास इतका ओळखीचा की यांनी झाकण परत लावलं आणि पाणी प्यायला आत गेले. सातमध्ये बैलाची झूल आणि घुंगरमाळ. बैल विकून पंधरा वर्षं झालीत. आठमध्ये दोरखंड, खुरपी, विळे, एक कंदील. नऊ नंबर रिकामं. म्हणजे आत दुसरं छोटं पिंप होतं, ते रिकामं.

मी तिथंच गॅलरीच्या उंबऱ्यावर बसले. आमच्या घरात कपाटं तीन. एक आमचं, एक लेकरांचं, एक माझ्या गिऱ्हाइकांच्या कापडाचं. तीन वर्षं झाली आप्पांना येऊन, त्यांना द्यायला कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांचे कपडे दाराच्या मागच्या खिळ्यावर आणि बाकी सगळं पिंपात.

कापडाच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केले. माझं अस्तराचं कापड आता पलंगाखाली गेलंय, गैरसोय आहे, होऊ द्या. ड्रेस, बिल्ला, लुगडी, झूल सगळं बसलं. आप्पांनी स्वतः लावलं, दुपारभर लावत होते. कुलूप मागितलं. दिलं.

पाण्याची चार पिंपं खालच्या बोळात, भिंतीच्या सावलीला गेली. आरोग्यसेविका ताई, त्यांना वास येत नाही, पण आधी कशाची होती ते आप्पांनाही माहीत नाही, म्हणून पिण्याचं पाणी आता स्टीलच्या टाकीत. लाल रेघ मात्र तशीच. नंबरसुद्धा बदलायचे नाहीत म्हणाले, एक, दोन, तीन, सहा असंच राहील.

आक्का, भांडी तुम्ही सांगितलं तशीच काढली. दोन पोत्यांचे सहा नग ठेवलेत. एका तांब्यावर आत्याचं माहेर, निलंगा, आणि १९७८. बाकीची अजून ओसरीतच आहेत, मोडीत गेलेली नाहीत. आप्पा रोज दोन-चार वाचतात आणि कुणाला तरी फोन लावतात. हे काम पाडव्याच्या आत होत नाही, मी नाद सोडला.

तलाठीसाहेब, पेटीत उर्दूतले सात कागद निघाले, शिक्के आहेत. फोटो काढलेत. वाचून देणारं इकडं कुणी माहीत असेल तर सांगा.

मशीन गॅलरीत लागलं. आज तिथं पहिली साडी पिको केली.

आता पाच पिंपं मोकळी आहेत. शेतात फवारणीला, शेणस्लरीला, कुणाला पाहिजे असतील तर फुकट घेऊन जा, लातुरातनं स्वतः न्यावी लागतील. पिण्याच्या पाण्याला वापरणार असाल तर देणार नाही. आठ नंबरचं झाकण घट्ट बसत नाही, आधीच सांगते.